मस्टरवर नाव कुणाचं?



दर एक जानेवारीला आपल्याला एक प्रश्न ठरलेला असतो. विचारणारा कधी कचेरीतला सहकारी, कधी कॉलेजातला मास्तर, कधी पेपरात लिहिणारा विद्वान. कोरेगावला जिंकलं कंपनी सरकार, मग तुम्ही तिथं जाऊन कसला विजय साजरा करता? गोऱ्या साहेबाच्या चाकरीचा अभिमान कसला?

आपण चिडतो. 'पेशवाईत गळ्यात मडकं कुणाच्या होतं ते आधी सांगा' असा उलटा सवाल टाकतो. सवाल रास्त आहे. पण सवालाला सवाल हे काही उत्तर नव्हे. चाकराला अभिमान असू शकतो का? असला तर कशाचा? आणि त्या अभिमानाबरोबर कुठली जबाबदारी अंगावर येते? हे आपण आपल्या डोक्यानं ठरवलं पाहिजे. त्या विद्वानाचं समाधान करायला नव्हे, आपला आपल्याशी व्यवहार चोख राहावा म्हणून. या प्रश्नाची एक बाजू मला कोरेगावपासून हजारो मैलांवर, इंग्लंडातल्या एका बंदरात, एका लाकडी युद्धनौकेवर दिसली. ती इथं मांडतो.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं जुनं बंदर आहे. मध्ययुगातली तटबंदी असलेलं, पुढं कोळशावर आणि जहाजबांधणीवर जगलेलं आणि मग ते धंदे बसल्यावर खंगलेलं कामगारांचं गाव. तिथं ब्रिटिश आरमाराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. गोदीभोवती अठराव्या शतकातल्या बंदराचा देखावा उभा केलाय, आणि मधे पाण्यात 'ट्रिंकोमाली' नावाचं तीन डोलकाठ्यांचं जहाज उभं आहे. ब्रिटनमधली अजून पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून त्याचा लौकिक. लंडनला गेलेला आपला माणूस किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर बघतोच. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. मीही बघितलं. पण तिथून उत्तरेला मी या जहाजासाठी मुद्दाम गेलो. कारण हे जहाज आपल्या मुंबईत बांधलेलं आहे.

नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडातला ओक संपत आला होता. मग नजर वळली मलबारच्या सागाकडं. सागाला पाण्यातली कीड सहजी लागत नाही, आणि त्याच्यातल्या तेलामुळं लोखंडी खिळा ओकमध्ये गंजतो तसा गंजत नाही. कंपनीनं १८०६ साली कॅप्टन वॉटसन नावाच्या माणसाला मलबारच्या जंगलांवर नेमलं आणि सागाचा मक्ता आपल्या हातात घेतला. तो साग मुंबईच्या गोदीत आला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ला ट्रिंकोमाली पाण्यात सोडलं गेलं.

तारखा नीट बघा. १२ ऑक्टोबर १८१७ला मुंबईत जहाज पाण्यात. त्यानंतर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई. आणि एक्क्याऐंशी दिवसांनी, १ जानेवारी १८१८ला, कोरेगाव. एकाच पावसाळ्यानंतरच्या तीन महिन्यांत, एकाच कंपनीसाठी, एकाच मुलखातले हात दोन कामांना लागले होते. काही हात गोदीत लाकूड तासत होते, काही हातांत बंदूक होती. चाकरी दोघांचीही. मग मी त्या जहाजावर एकच गोष्ट शोधत फिरलो. इथं नाव कुणाचं आहे?

नाव आहे. जमशेटजी बोमनजी वाडिया. मुंबईच्या गोदीचे मास्टर बिल्डर. १७३६ साली सुरतेहून मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजींच्या घराण्यातले. जहाजाच्या तळच्या मुख्य तुळईत सुरुवातीला विधीपूर्वक चांदीचा खिळा ठोकण्याची त्यांची रीत होती, तसा तो या जहाजालाही ठोकला. चांदीच्या खिळ्याची नोंद आहे. मग लोखंडाचे हजारो खिळे कुणी ठोकले? मोठी करवत दोन्ही बाजूंनी कुणी ओढली? वाकसानं तुळया कुणी तासल्या? फळ्यांच्या फटी कुणी बुजवल्या? जंगलात साग कुणी पाडला? ज्या मलबारातून तो आला तिथं त्या काळी पुलय, चेरुमा या जातींची माणसं जमिनीबरोबर विकली जात होती. गुलामीचा कायदेशीर आधार काढून घेणारा पाचवा कायदा यायला १८४३ साल उजाडावं लागलं. या सगळ्यांची नावं मला जहाजावर दिसली नाहीत.

चेहरा मात्र दिसला. जहाजाच्या नाळेवर लाकडात कोरलेला, रंगवलेला एक माणूस आहे. डोक्याला पागोटं, आपल्याकडचा माणूस. जगभरच्या समुद्रात लाटा आधी त्याच्या तोंडावर फुटल्या. शोभेला आपला चेहरा चालतो, यादीत आपलं नाव चालत नाही. हे काय फक्त इंग्रजाचंच शास्त्र आहे? निवडणुकीच्या पोस्टरवर आपला फोटो आणि उमेदवारीच्या यादीत दुसरंच नाव, हे आपण इथं बघतच असतो.

आता वाडियांची एक गोष्ट सांगतात ती ऐका. १८०० साली दुसरं एक जहाज, 'कॉर्नवॉलिस' नावाची फ्रिगेट, बांधताना जमशेटजींनी आतल्या तुळईवर एक ओळ लिहून ठेवली. हे जहाज एका कमबख्त काळ्या माणसानं बांधलंय, अशा अर्थाची. गोरे अधिकारी ज्या शब्दांत हिणवत असतील, तेच शब्द त्यांनी त्यांच्याच जहाजाच्या पोटात घालून ठेवले. वरून कुणाला दिसायचं नाही, पण जहाज आहे तोवर पुसायचंही नाही. वाडियांचा हा राग मला समजतो. काम आमचं, मान तुमचा, वर शिवीही आमच्याच वाट्याला!

पण त्याच्या पुढंही एक पायरी आहे. अपमान लिहून ठेवायलासुद्धा अक्षर लागतं, हातात हत्यार लागतं आणि 'हे जहाज मी बांधलं' असं म्हणण्याची जागा लागते. वाडियांना ती जागा होती. त्यांच्या हाताखाली करवत ओढणाऱ्याला ती नव्हती. त्याचा राग कुठल्या तुळईवर लिहिलेला सापडणार? म्हणजे अपमानातसुद्धा मजले आहेत. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. वरच्याची लाथ खाणारा खालच्याचा सोबती होईलच असं नाही.

याचा पुरावा शंभर वर्षांनी मिळाला. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले. त्यांची पुस्तकं वेगळ्या जहाजातून येत होती, ते जहाज जर्मन पाणबुडीनं बुडवलं. आरमाराच्या इतिहासात आपलाही असा एक ठेवा समुद्राच्या तळाशी आहे. ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहिले. काही दिवसांनी हातात काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि त्यांना बाहेर काढलं. ज्या समाजातल्या कर्तबगार माणसाला 'काळा' म्हणून हिणवलं गेलं, त्याच समाजातल्या माणसांनी अस्पृश्य म्हणून बाबासाहेबांना हाकललं. एका धर्मशाळेवरून सगळ्या समाजाला माप लावायचं नाही. बाबासाहेबांना अडीअडचणीला पैसे देणारे त्यांचे मित्र नवल भथेना हेही पारशीच होते. मुद्दा जातीचा नाही, मुद्दा माणसाच्या निवडीचा आहे. अपमान सोसला म्हणून कुणी आपोआप न्यायी होत नाही. न्यायी व्हायचं ठरवावं लागतं. हे आपल्यालाही लागू आहे, ते पुढं येईलच.

जहाजाच्या आत गेलं की पहिल्यांदा शिड्या दिसतात. उभ्या, अरुंद. मागच्या बाजूला खिडक्यांची, उजेडाची खोली कॅप्टनची. खालच्या मजल्यावर वाकून चालावं लागतं. तिथं खलाशांचे झोळणे टांगले जात. ब्रिटिश आरमारात एका झोळण्याला चौदा इंच रुंदीची जागा, असा हिशेब होता. नेपोलियनच्या लढायांच्या काळात माणसं बंदरातून जबरदस्तीनं धरून आणत. चूक झाली की नऊ दोऱ्यांचा चाबूक. तो १८७९पर्यंत पुरता थांबला नव्हता. गोऱ्यांचंही राज्य गोऱ्यांच्याच पाठीवर उभं होतं, हे इथं कळतं.

तरी जहाजाला शिडी आहे. ३१ जानेवारी १९२०च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. हार्टलपूलपासून जवळच मार्टन नावाच्या खेड्यात १७२८ साली शेतमजुराच्या पोटी जेम्स कुक जन्मला. १७५५ साली तो आरमारात साधा खलाशी म्हणून शिरला आणि कॅप्टन झाला. खालून वर चढलेले असे थोडेच, पण वाट होती. आपल्या मनोऱ्यात वाटच नव्हती. हा फरक लहान नाही.

पण शिडी चढून कुकनं काय केलं? १७७० साली ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर उतरून, तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना न विचारता तो किनारा आपल्या राजाच्या नावावर केला. शेतमजुराचा पोरगा वर गेला आणि दुसऱ्या कुणाची जमीन गेली. शिडी पाहिजेच, त्यासाठी आपण लढलो आणि लढू. पण वर चढणं म्हणजे न्याय नव्हे. वर चढून काय केलं, यावर ते ठरतं. १८ मार्च १९५६ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, तिचा अर्थ दुसरा काय होता?

आता त्या मूळ प्रश्नाकडं येतो. हातानं काम चोख केलं, पण ते काम कुणाच्या उरावर बसलं? मुंबईच्या गोदीत वाडियांनीच १८१३ साली आणखी एक 'कॉर्नवॉलिस' बांधलं. नाव तेच, पण हे मोठं लढाऊ जहाज. २९ ऑगस्ट १८४२ला याच जहाजावर नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या. अफूच्या पहिल्या युद्धात हरलेल्या चीननं हाँगकाँग दिलं आणि दोन कोटी दहा लाख चांदीचे डॉलर दंड कबूल केला. ज्या अफूवरून हे सगळं पेटलं तिच्यातली बरीचशी माळव्यातली, मुंबई बंदरातून गेलेली. म्हणजे मुंबईच्या सुताराची कारागिरी चीनच्या गरिबाला अफू पाजणाऱ्या धंद्याच्या कामाला आली.

त्या सुताराला दोष द्यायचा? मी देणार नाही. त्याला कुणी विचारलं नव्हतं. जहाज कुठं जाणार हे ठरवायचा हक्क त्याला नव्हता. ज्याला निवड नव्हती त्याच्यावर सगळा गुन्हा टाकणं हा साहेबाचाच डाव झाला. पण मग 'आमच्या मुंबईनं केवढी जहाजं बांधली' म्हणून छाती काढणाऱ्यानं अफूचं पान वगळायचं, हेही खोटं. मला वाटतं दोन वह्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. एका वहीत हाताचं कसब. दुसरीत त्या कामाचा परिणाम. पहिली वही दाखवून दुसरी लपवणारा लबाड. दुसरी दाखवून पहिली फाडणारा त्याहून लबाड, कारण त्याला कष्टकऱ्याचा हातच नाकारायचा असतो.

कोरेगावच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. आपल्याला प्रश्न विचारणारा दुसरी वही पुढं करून पहिली फाडतो. 'तुम्ही परक्यासाठी लढलात' म्हणतो आणि तुम्ही लढू शकलात हे मात्र गिळून टाकतो. ज्या व्यवस्थेनं सांगितलं की तुमच्या अंगात फक्त ओझं वाहायची लायकी आहे, तिला त्या दिवशी उत्तर मिळालं. आपण नमस्कार कंपनीच्या निशाणाला करत नाही, नावांना करतो. स्तंभावर त्या पलटणीच्या एकोणपन्नास मृतांची नावं आहेत. त्यातली बावीस नावं 'नाक' प्रत्ययाची, म्हणजे आपल्या माणसांची. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ला तिथं गेले ते याच नावांसाठी.

ती नावं तिथं का आहेत, याचा विचार केलाय का कधी? कंपनीला आपलं प्रेम आलं होतं म्हणून? अजिबात नाही. स्तंभावर नाव कोरणाऱ्या त्याच सरकारनं १८९०नंतरच्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली. काम होतं तोवर नाव, काम संपलं की दार बंद. नावं उरली ती एका साध्या कारणानं. ती माणसं पगारपटावर होती.

ट्रिंकोमालीसारख्या जहाजावर मस्टर बुक असे. चाबूक खाणाऱ्या, चौदा इंचात झोपणाऱ्या शेवटच्या खलाशाचंही नाव त्यात असे, कारण त्याला पगार द्यायचा असे. अशा मस्टरांचे ढीग आज लंडनच्या क्यू भागातल्या सरकारी दप्तरखान्यात जपून ठेवलेले आहेत. कुणाचा नातू-पणतू जाऊन आपला बाप-आजा शोधू शकतो. मस्टर म्हणजे मालकाची दया नव्हे. मस्टर म्हणजे मालकानं लिहून दिलेली कबुली, की या माणसानं काम केलंय आणि मी याचं देणं लागतो.

आता आपल्या महारकीकडं बघा. सरकारचा टपाल-निरोप, पाटलाचं काम, गावची राखण, मेलेलं ढोर. रात्र नाही, दिवस नाही, ऊन नाही, पाऊस नाही. या कामाचं मस्टर कुठं होतं? नव्हतंच. बदल्यात वतनाचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेली शिळी भाकर. ज्याचं मस्टर नाही त्याचं देणं नाही, आणि ज्याचं देणं नाही त्याचं नाव नाही. म्हणून १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल आणलं. काम ठरवा आणि पगार ठरवा, हा त्याचा गाभा. ही वतनं मोडणारा कायदा व्हायला १९५८ साल लागलं. तो लढा नुसत्या पैशाचा नव्हता. माणसाचं नाव कागदावर चढवण्याचा होता.

म्हणून माझं उत्तर असं. चाकराला अभिमान असू शकतो. मालकाच्या विजयाचा नव्हे, आपल्या हाताचा आणि नोंदलेल्या नावाचा. आणि त्या अभिमानाचं भाडं म्हणून दुसरी वही आपण स्वतः उघडी ठेवायची. सुताराला निवड नव्हती. आज आपल्यातल्या अनेकांना ती आहे. आपला पोरगा अधिकारी झाला, आनंद आहे. पण झोपडपट्टी पाडायच्या हुकमावर त्याची सही असेल तर तिथं 'मी नोकर माणूस' हे उत्तर पुरत नाही. ज्याला शिडी मिळाली त्याला विचारायला पाहिजे, बाबा, तुझ्या जहाजात अफू कुणासाठी भरलीय?

आता कामाचं बोलू. आजही आपली माणसं गटारात उतरतात. हातानं मैला उचलायला लावणं, सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं याला २०१३च्या कायद्यानं बंदी आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख द्या असं सुप्रीम कोर्टानं २०२३ साली सांगितलं. पण माणूस मेला की कंत्राटदाराचं पहिलं वाक्य काय असतं? 'हा आमच्याकडं नव्हताच.' मस्टरवर नाव नसतं. झालं, माणूसही गेला आणि देणंही गेलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या करवतवाल्यात आणि यात फरक काय राहिला?

तेव्हा प्रत्येक शाखेनं एक साधी वही घालावी. आपल्या वस्तीत कोण कुठल्या कंत्राटदाराकडं जातंय, कुठल्या तारखेपासून, मजुरी किती, मुकादम कोण. गटार, कचरा, वीटभट्टी, ऊसतोड, सगळं. दर आठवड्याला लिहा, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. आणि म्हाताऱ्यांना विचारून मागची पानंही भरा. १९७२च्या दुष्काळात तुमच्या तालुक्यातल्या पाझर तलावावर खडी कुणी फोडली? कोनशिलेवर नाव मंत्र्याचं आहे. खडी फोडणारी तुमची आजी अजून हयात असेल तर उद्याच जाऊन तिच्याबरोबरच्या बायांची नावं उतरवून घ्या. परवावर टाकू नका.

जय भीम.